लिस्बनला दिलेला शब्द

सर्वोच्च न्यायालयाने ११ जुलै २०२२ रोजी अबू सालेमच्या अपिलावर निकाल दिला, तेव्हा मुंबईतील अनेक सुशिक्षित घरांतून एकच संतप्त प्रश्न विचारला गेला. २५७ निरपराध माणसांचा बळी घेणाऱ्या कटातील गुन्हेगाराला २५ वर्षांनी सोडून द्यायचे? आणि तेही कशासाठी, तर पोर्तुगाल नावाच्या एका लहानशा देशाला भारत सरकारने वीस वर्षांपूर्वी काही लिहून दिले होते म्हणून?

हा संताप खोटा नाही. १२ मार्च १९९३ च्या शुक्रवारी दुपारी दीडच्या सुमारास मुंबई शेअर बाजाराच्या इमारतीत पहिला स्फोट झाला. पुढच्या दोन-अडीच तासांत काथा बाजार, झवेरी बाजार, एअर इंडियाची इमारत, वरळीचे सेंच्युरी बाजार, दादरचे प्लाझा चित्रपटगृह अशी शहराची एकेक जागा उद्ध्वस्त होत गेली. बारा स्फोट, २५७ मृत, ७१३ जखमी. स्फोटके श्रीवर्धनजवळच्या शेखाडीच्या किनाऱ्यावर उतरली आणि वाटेतल्या सीमाशुल्क व पोलीस खात्यांतील काही विकल्या गेलेल्या हातांमुळे मुंबईपर्यंत सुखरूप पोहोचली, हेही पुढे न्यायालयात सिद्ध झाले. ज्या घरांतून त्या सकाळी कुणी डबा घेऊन बाहेर पडले आणि परत आलेच नाही, त्या घरांना आंतरराष्ट्रीय कायद्याची सूक्ष्म कलमे समजावून सांगण्याचा अधिकार कुणालाही सहजासहजी पोहोचत नाही.

तथापि राष्ट्राचे हित संतापाने ठरत नाही. सालेमसंबंधीचा निकाल वरवर पाहता एका गुन्हेगाराला मिळालेली सवलत वाटतो. वस्तुतः भारताच्या लेखी शब्दाला जगात काही किंमत आहे की नाही, या प्रश्नाचा तो निकाल आहे. आणि परदेशात दडून बसलेल्या उरलेल्या गुन्हेगारांना परत आणायचे असेल, तर या शब्दाइतके मोलाचे दुसरे हत्यार भारताच्या हाती नाही.

पणजीचे जुने गणित

सालेमला लिस्बनमध्ये सप्टेंबर २००२ मध्ये अटक झाली. मोनिका बेदी हीदेखील त्याच्यासोबत पकडली गेली. त्या वेळी भारत आणि पोर्तुगाल यांच्यात प्रत्यार्पणाचा करार नव्हता. तो असण्याचे कारणही नव्हते. डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय सैन्याने गोवा, दमण आणि दीव मुक्त केले. पोर्तुगालने ही वस्तुस्थिती मान्य केली ती सालाझारची राजवट कोसळल्यानंतर, १९७४ च्या अखेरच्या दिवशी झालेल्या कराराने. ज्या देशाशी भारताने एकदा सैन्यबळाने हिशेब चुकता केला होता, त्याच देशाच्या न्यायालयापुढे भारताला आता अर्जदार म्हणून उभे राहायचे होते.

त्यातून पोर्तुगालची राज्यघटना आडवी आली. नागरी गुन्ह्यांसाठीची फाशी त्या देशाने १८६७ सालीच रद्द केली. जन्मठेपही एकोणिसाव्या शतकातच गेली. तेथे कितीही घोर अपराध केला तरी कमाल शिक्षा २५ वर्षांची. ज्या गुन्ह्यासाठी मागणी करणाऱ्या देशात फाशी होऊ शकते, त्या गुन्ह्यासाठी माणूस हवाली करण्यास त्यांची घटना मनाई करते. आणि जन्मठेप होण्याचा संभव असेल, तर ती प्रत्यक्षात भोगावी लागणार नाही अशी हमी मागते. (याच १८६७ सालची पोर्तुगीज नागरी संहिता काही फेरबदलांसह गोव्यात आजही चालते. पोर्तुगीज कायद्याची भाषा आणि त्याची मूस जाणणारी वकीलमंडळी पणजी-मडगावात होती. दिल्लीच्या अधिकाऱ्यांना त्यांची आठवण झाली असती तर पुढचे काही अपघात कदाचित टळले असते.)

वाजपेयी सरकारने या अडचणीतून मार्ग काढला, तो मुत्सद्देगिरीचा म्हणावा असाच होता. दहशतवादी बॉम्बस्फोटांच्या प्रतिबंधासाठी संयुक्त राष्ट्रांच्या आश्रयाने १९९७ साली एक आंतरराष्ट्रीय करार झाला होता. त्याचा आधार घेऊन १३ डिसेंबर २००२ रोजी भारताने राजपत्रात अधिसूचना काढली आणि १९६२ चा प्रत्यार्पण कायदा पोर्तुगालला लागू केला. चारच दिवसांनी, १७ डिसेंबर रोजी, तत्कालीन उपपंतप्रधान आणि गृहमंत्री लालकृष्ण अडवाणी यांनी पोर्तुगाल सरकारला लेखी आश्वासन दिले : सालेमला फाशी दिली जाणार नाही आणि २५ वर्षांहून अधिक काळ तुरुंगात ठेवले जाणार नाही.

यापैकी फाशीचा भाग फारसा नवा नव्हता. ज्या देशात फाशी नाही, त्या देशाकडून हवाली झालेल्या आरोपीला भारतातही जन्मठेपेपलीकडे शिक्षा होऊ शकत नाही, असे कलम १९९३ च्या दुरुस्तीने प्रत्यार्पण कायद्यात आधीच घातलेले होते. २५ वर्षांची मर्यादा मात्र कोणत्याही भारतीय कायद्यात नव्हती. ती केवळ शब्दावर उभी होती.

लिस्बनच्या न्यायालयांत त्यानंतर तीन वर्षे खल चालला. तेथील सर्वोच्च न्यायालय झाले, घटनात्मक न्यायालय झाले आणि अखेर ११ नोव्हेंबर २००५ रोजी सालेम मुंबईत उतरला. तोवर दिल्लीत मनमोहन सिंग यांचे सरकार आले होते. पुढे २०२२ मध्ये हे आश्वासन सरकारवर बंधनकारक असून योग्य वेळी ते पाळले जाईल असे शपथपत्र सर्वोच्च न्यायालयात दाखल केले, ते मोदी सरकारच्या गृहसचिवांनी. शब्द एकाने दिला, माल दुसऱ्याच्या काळात हाती आला आणि उधारी फेडण्याचे तिसऱ्याने कबूल केले. राष्ट्र ही सरकारांपेक्षा दीर्घायुषी गोष्ट आहे, ती अशी.

आडमुठेपणा केला असता तर

फाशी नाही तर प्रत्यार्पणही नको, असा बाणा त्या वेळी भारताने दाखवला असता तर काय झाले असते? टाळ्या पडल्या असत्या. बनावट कागदपत्रांच्या गुन्ह्यात पोर्तुगालने दिलेली थोडकी शिक्षा भोगून सालेम त्या देशातून मोकळा झाला असता आणि एखाद्या नव्या नावाने, नव्या पारपत्रावर नाहीसा झाला असता. प्रदीप जैन या बांधकाम व्यावसायिकाच्या १९९५ मधील हत्येबद्दल फेब्रुवारी २०१५ मध्ये त्याला झालेली जन्मठेप झाली नसती. सप्टेंबर २०१७ मध्ये विशेष टाडा न्यायालयाने स्फोटमालिकेच्या खटल्यात त्याला दोषी म्हणून ठोठावलेली जन्मठेपही झाली नसती. त्याच दिवशी त्याच खटल्यातील दोघांना फाशी सुनावली गेली आणि सालेमला ती झाली नाही, ही विषमता डोळ्यांत खुपते, हे खरे. पण ती भारताने समजून-उमजून पत्करलेली किंमत होती.

या किमतीची तुलना कशाशी करायची, हे प्रत्येकाला ठाऊक आहे. स्फोटमालिकेचा मुख्य सूत्रधार दाऊद इब्राहिम याचे नाव संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने नोव्हेंबर २००३ मध्ये निर्बंधांच्या यादीत घातले. त्या यादीत त्याचे कराचीतील पत्तेदेखील आहेत. तरी आजतागायत त्याला कोणत्याही भारतीय न्यायाधीशापुढे उभे करता आलेले नाही, कारण त्याला आश्रय देणाऱ्या देशाशी शब्दांची देवाणघेवाणच संभवत नाही. ज्या देशांशी ती संभवते, तेथे तरी तिचे मोल राखले पाहिजे.

सर्वोच्च न्यायालयात केंद्राची बाजू मांडताना एका टप्प्यावर जी भाषा वापरली गेली ती येथे नोंदवलीच पाहिजे. सरकारने दिलेला शब्द न्यायपालिकेवर बंधनकारक नाही, असे सीबीआयचे म्हणणे होते. गृहसचिवांच्या शपथपत्रात हा प्रश्न २०३० मध्ये उद्भवेल, आताच त्याची चर्चा अकाली आहे, असा सूर होता आणि न्यायालयाने त्यावर उघड नाराजी व्यक्त केली. न्यायमूर्ती संजय किशन कौल आणि न्यायमूर्ती एम. एम. सुंदरेश यांच्या खंडपीठाने गाठ सोडवली ती अशी : न्यायालयाने द्यायच्या शिक्षेवर सरकारच्या आश्वासनाचे बंधन नाही, म्हणून जन्मठेप कायम, परंतु २५ वर्षे पूर्ण होताच राज्यघटनेच्या अनुच्छेद ७२ खाली राष्ट्रपतींना तसा सल्ला देणे आणि आश्वासन पाळणे केंद्र सरकारवर बंधनकारक. कालगणना १२ ऑक्टोबर २००५ पासून. एका बाजूला न्यायपालिकेचे स्वातंत्र्य अबाधित राहिले, दुसऱ्या बाजूला राष्ट्राचा शब्दही. ताकाला जाऊन भांडे लपवण्याची वेळ कुणावर आली नाही.

मार्सेलिसची आठवण

इस्रायलने आइकमनला अर्जेंटिनातून उचलून आणले, मग भारतानेही असेच उचलून का आणू नये, असा प्रश्न तरुण कार्यकर्त्यांच्या बैठकांतून हमखास निघतो. त्याचे उत्तर शोधण्यासाठी फार दूर जाण्याची आवश्यकता नाही. महाराष्ट्रातल्या शाळकरी मुलालाही ठाऊक असलेल्या एका घटनेत ते आहे.

८ जुलै १९१० रोजी स्वातंत्र्यवीर सावरकरांनी मार्सेलिस बंदरात ‘मोरिया’ बोटीतून समुद्रात उडी घेतली, हे सर्वांना पाठ आहे. त्या उडीचा कायदेशीर उत्तरार्ध मात्र फारसा सांगितला जात नाही. सावरकर फ्रान्सच्या भूमीवर पोहोचले होते. तेथून त्यांना ब्रिटिशांच्या हवाली करायचे, तर फ्रान्सच्या कायद्यानुसार रीतसर प्रत्यार्पण व्हायला हवे होते, आणि राजकीय कृत्यांसाठी प्रत्यार्पण करायचे नाही हे तत्त्व युरोपात तेव्हा मान्य झालेले होते. प्रत्यक्षात एका फ्रेंच शिपायाने काही मिनिटांत त्यांना बोटीवरील पहारेकऱ्यांच्या ताब्यात दिले. फ्रान्समध्ये गहजब झाला. प्रकरण हेगच्या आंतरराष्ट्रीय लवादापुढे गेले. २४ फेब्रुवारी १९११ रोजी लवादाने निर्णय दिला की, अटकेत अनियमितता झाली हे खरे, तरी सावरकरांना फ्रान्सला परत देण्याचे बंधन इंग्लंडवर नाही. तोवर पन्नास वर्षांच्या काळ्या पाण्याची शिक्षा ठोठावली गेलेली होती.

त्या निर्णयाला महाराष्ट्राने आजवर अन्याय म्हटले आहे, आणि ते यथार्थ आहे. बलवान राष्ट्राने परभूमीवरील कायदा धाब्यावर बसवला आणि दुर्बळाच्या पदरी काही पडले नाही, असेच त्याचे वर्णन करावे लागते. मार्सेलिसच्या बाबतीत रीतसर प्रक्रियेचा आग्रह धरणाऱ्या समाजाने लिस्बनच्या बाबतीत प्रक्रियेला भाकड म्हणणे शोभत नाही. सालेम आणि सावरकर यांची तुलना कुणी स्वप्नातही करणार नाही. एक देशासाठी उडी घेणारा, दुसरा देशाच्या महानगरात मृत्यू पेरणाऱ्या कटातील. पण कायद्याचा दरवाजा दोघांसाठी एकच असतो, आणि तो फोडण्याची सवय लागली की उद्या तो कोण फोडील याचा भरवसा राहत नाही.

जेथे पाय घसरला

शब्द दिला, माणूस आणला, आणि मग भारतीय तपास यंत्रणांनी एक चूक केली.

प्रत्यार्पणाच्या कायद्यात एक जुना नियम आहे. ज्या गुन्ह्यांसाठी आरोपी मागितला आणि मिळाला, त्याच गुन्ह्यांसाठी त्याच्यावर खटला चालवायचा. वेगळे आरोप ठेवायचे तर त्या देशाची पुन्हा संमती घ्यायची. शेजाऱ्याकडून पेरणीसाठी मागून आणलेला बैल परस्पर शर्यतीत पळवू नये, इतके ते साधे आहे. सालेमवर मुंबई आणि दिल्लीतील खटल्यांत काही जादा आरोप ठेवले गेले. २०१० साली भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांना मान्यता दिली. हे आरोप मूळ गुन्ह्याच्याच तथ्यांतून निघणारे आणि तुलनेने सौम्य आहेत, असा त्यामागे युक्तिवाद होता. लिस्बनच्या न्यायालयाला तो पटला नाही. सप्टेंबर २०११ मध्ये त्याने भारताकडून अटींचा भंग झाल्याचे म्हणत प्रत्यार्पणाची परवानगीच रद्द ठरवली आणि २०१२ मध्ये तेथील घटनात्मक न्यायालयापुढे भारताचे अपील टिकले नाही.

त्या निर्णयाने सालेम सुटला नाही, कारण भारतातील न्यायालयांवर तो बंधनकारक नव्हता. पण युरोपातील एका देशाच्या न्यायदफ्तरात ‘भारताने अट मोडली’ अशी नोंद झाली. ऑगस्ट २०१३ मध्ये सीबीआयने स्वतः सर्वोच्च न्यायालयाची अनुमती घेऊन काही जादा आरोप मागे घेतले. जे आरोप शेवटी सोडूनच द्यायचे होते, ते ठेवून मिळाले काय? मूळ कटाचा आरोप जन्मठेपेला पुरेसा होता. जास्तीची कलमे लावण्याचा हा हव्यास भारतीय पोलीस ठाण्यांत फार जुना आहे. ठाणेदाराला वाटते, दहा लावली तर दोन तरी टिकतील. गावच्या न्यायालयात ते खपून जाते. परदेशी न्यायाधीश मात्र पहिल्या पानावरच चष्मा पुसून घेतो.

परकीय न्यायाधीश काय पाहतो

लंडन, कोपनहेगन किंवा लिस्बन येथील न्यायालये भारताच्या मागण्या नाकारतात, तेव्हा त्यामागे भारतद्वेष असतो, असे मानण्याची एक पद्धत पडली आहे. काही वेळा गोऱ्या माणसाचा अहंकार असतोही. परंतु निकालपत्रे वाचली तर बहुधा दुसरेच काही दिसते.

गुलशन कुमार यांची हत्या ऑगस्ट १९९७ मध्ये अंधेरीत झाली. संगीतकार नदीम याच्या प्रत्यार्पणाची मागणी लंडनच्या उच्च न्यायालयाने २००० च्या अखेरीस फेटाळली, ती मुख्यतः पुराव्याच्या विश्वासार्हतेवर. ज्या साक्षीवर सारी भिस्त होती, तीच डळमळीत निघाली. आडात नव्हते, पोहऱ्यात कुठून येणार? प्रकरण उभे करण्यापूर्वी वृत्तपत्रांना मुलाखती दिल्या गेल्या होत्या, एवढेच पदरी पडले.

पुरुलियाचे उदाहरण अधिक बोचणारे आहे. १७ डिसेंबर १९९५ च्या रात्री पश्चिम बंगालमधील पुरुलिया जिल्ह्यात एका विमानातून शस्त्रास्त्रांचा साठा टाकण्यात आला. भारताच्या सार्वभौमत्वावरील याहून उघड आघात क्वचितच झाला असेल. त्यातील प्रमुख आरोपी, ‘किम डेव्ही’ या नावाने ओळखला जाणारा डॅनिश नागरिक, निसटून मायदेशी गेला. डेन्मार्कच्या सरकारने २०१० मध्ये त्याला देण्याची तयारी दाखवली. तेथील न्यायालयांनी मात्र २०११ मध्ये नकार दिला, आणि भारताच्या नव्या मागणीवर ऑगस्ट २०२४ मध्ये पुन्हा नकार दिला. कारण दोन्ही वेळा एकाच जातीचे : भारतात त्याचा छळ होण्याचा धोका.

हे ऐकून राग येतो. पण छळाविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताने १९९७ साली स्वाक्षरी केली आणि त्याला अंतिम मान्यता मात्र अजून दिलेली नाही. त्यासाठीचे विधेयक २०१० साली लोकसभेत संमत झाले, राज्यसभेत निवड समितीकडे गेले आणि पुढे व्यपगत झाले. विधी आयोगाने २०१७ साली आपल्या २७३ व्या अहवालात असा कायदा करण्याची शिफारस केली. डॅनिश वकिलाला याहून सोयीचे काय हवे? तो न्यायाधीशापुढे भारताचीच कागदपत्रे ठेवतो. पोलीस कोठडीतील मारहाण हा मानवाधिकारवाल्यांचा विषय आहे, आपला नव्हे, असे समजणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे की, त्या मारहाणीचा सर्वांत मोठा लाभार्थी परदेशात बसलेला फरारी असतो.

तुरुंगांचेही तसेच. विजय मल्ल्या मार्च २०१६ मध्ये देशाबाहेर गेला, तेव्हा ब्रिटिश न्यायालयाने ऑर्थर रोड तुरुंगातील बराक क्रमांक १२ ची चित्रफीत मागवली. उजेड किती, वारा किती हे पाहिले आणि डिसेंबर २०१८ मध्ये प्रत्यार्पणाला अनुकूल निर्णय दिला. तेथे भारताची तयारी होती. याउलट शस्त्रव्यवहारांतील दलाल संजय भंडारी याच्या प्रकरणात फेब्रुवारी २०२५ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने नकार दिला, कारण तिहारमध्ये त्याला खंडणी आणि मारहाणीचा धोका आहे, असे त्या न्यायालयाला वाटले. एका तुरुंगातील शिस्त दुसऱ्या खटल्याचा निकाल ठरवते. मुंबईतील एक बराक नीट राखून भागत नाही.

गेवराईहून रियाधपर्यंत

गुन्ह्यांच्या तपासातील आंतरराष्ट्रीय सहकार्य म्हणजे केवळ माणूस बेड्या घालून आणणे नव्हे. जे सहकार्य सर्वांत फलदायी ठरते, त्याची छायाचित्रे छापून येत नाहीत.

२६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात कराचीतील नियंत्रण कक्षातून दहशतवाद्यांना सूचना देणाऱ्यांतील एक आवाज भारतीय होता. तो बीड जिल्ह्यातील गेवराईच्या जबिउद्दीन अन्सारीचा असल्याचा संशय होता. तो सौदी अरेबियात सापडला, तेव्हा त्याच्यापाशी पाकिस्तानी पारपत्र होते आणि पाकिस्तान त्याला आपला नागरिक म्हणत होता. निर्णायक ठरली ती गेवराईतील कुटुंबाच्या डीएनए नमुन्याशी झालेली जुळणी. जून २०१२ मध्ये सौदी सरकारने त्याला भारताकडे पाठवले. भाषणे नव्हती, मोर्चे नव्हते. एक नमुना, एक प्रयोगशाळा आणि त्यामागे चिकाटीने पाठपुरावा करणारे काही निनावी अधिकारी.

डेव्हिड हेडलीच्या बाबतीत भारताला माणूस मिळालाच नाही. अमेरिकेने २०१० मध्ये त्याच्याशी गुन्हा कबूल करण्याच्या बदल्यात तडजोड केली आणि भारताकडे न सोपवण्याची अट त्यात घातली. त्यावर झालेली टीका रास्तच होती. तरीही फेब्रुवारी २०१६ मध्ये तो अमेरिकेतून दूरचित्र संपर्काद्वारे मुंबईच्या सत्र न्यायालयापुढे साक्षीदार म्हणून आला आणि त्याने लष्कर-ए-तोयबा व आयएसआय यांच्या संबंधांवर शपथेवर साक्ष दिली. हे घडले ते दोन देशांतील परस्पर विधी साहाय्याच्या चौकटीमुळे. त्याचा साथीदार तहव्वूर राणा १० एप्रिल २०२५ रोजी प्रत्यक्ष दिल्लीत आणला गेला. १९९७ च्या प्रत्यार्पण कराराखाली, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत त्याचे सर्व अर्ज फेटाळले गेल्यानंतर.

इंटरपोलविषयीचा एक गैरसमज येथेच दूर केलेला बरा. ‘रेड कॉर्नर नोटीस’ म्हणजे जागतिक अटक वॉरंट नव्हे. अमुक माणूस आम्हाला हवा आहे, सापडल्यास कळवा, असे ते एका देशाचे इतरांना निवेदन असते. प्रत्येक देश आपल्या कायद्याप्रमाणे त्याची दखल घेतो किंवा घेत नाही. शिवाय राजकीय, लष्करी, धार्मिक वा वांशिक स्वरूपाच्या बाबींत हस्तक्षेप करण्यास इंटरपोलची घटनाच मनाई करते, त्यामुळे मागणीपत्रातील एखादे भडक वाक्यही नोटीस अडवू शकते. भारत १९४९ पासून इंटरपोलचा सदस्य आहे आणि सीबीआय ही त्याची भारतातील दुवा-यंत्रणा आहे. जानेवारी २०२५ मध्ये राज्यांच्या पोलिसांना तिच्याशी थेट जोडणारी ‘भारतपोल’ ही व्यवस्था सुरू झाली. बीडच्या किंवा सांगलीच्या पोलीस अधीक्षकाचे पत्र दिल्लीच्या टेबलांवर महिनोन्महिने पडून राहू नये, एवढे जरी तिने साधले तरी पुष्कळ झाले.

संघटित गुन्हेगारीविरुद्धचा संयुक्त राष्ट्रांचा मुख्य करार पालेर्मोच्या नावाने ओळखला जातो. सिसिलीतील याच शहरात माफियांशी झुंजणारे न्यायाधीश फाल्कोने आणि बोर्सेलिनो १९९२ मध्ये दोन महिन्यांच्या अंतराने स्फोटांत मारले गेले. त्याच शहरात २००० साली जगातील देश स्वाक्षऱ्यांसाठी एकत्र आले. मुंबईच्या रक्ताशी इतके नाते सांगणारा दुसरा आंतरराष्ट्रीय करार नसेल. भारताने त्यावर १२ डिसेंबर २००२ रोजी स्वाक्षरी केली आणि मान्यता दिली ती मे २०११ मध्ये. मधली साडेआठ वर्षे कोणत्या फायलीत गेली, हे विचारण्याचे श्रम ना सत्ताधाऱ्यांनी घेतले, ना विरोधकांनी. दाऊदच्या नावाने घोषणा मात्र सर्वांनी दिल्या.

ऑक्टोबर २०३०

१२ ऑक्टोबर २००५ पासून २५ वर्षे मोजली की तारीख येते ऑक्टोबर २०३० ची. सालेमला आणखी आधी सुटायचे आहे. शिक्षेतील सूट धरून आपली २५ वर्षे भरली, असा दावा त्याने मुंबई उच्च न्यायालयात केला; जुलै २०२५ मध्ये ती वर्षे सकृद्दर्शनी पूर्ण झालेली दिसत नाहीत, असे न्यायालयाने म्हटले. शब्द दिला तो २५ वर्षांहून अधिक न ठेवण्याचा, त्याहून कमी ठेवण्याचा नव्हे. सरकारने येथे एक दिवसही सोडण्याचे कारण नाही. पण तो दिवस उजाडेल तेव्हा राष्ट्रपती भवनाकडे जाणाऱ्या फायलीवर सही करणारा गृहमंत्री कोणत्याही पक्षाचा असो, त्याच्या दारापुढे निदर्शने होतील, दूरचित्रवाणीवर चर्चा रंगतील, आणि स्फोटांत आपली माणसे गमावलेल्या कुटुंबांच्या जखमेवरची खपली पुन्हा निघेल. त्या कुटुंबांना २५ वर्षांचा हिशेब आधीपासून, खरेपणाने आणि त्यांच्या भाषेत समजावून सांगणे हे सरकारचे काम आहे. ते आदल्या रात्री करण्याचे काम नव्हे.

त्याच सुमारास इतरही काही निर्णय परदेशांत व्हायचे आहेत. मेहुल चोक्सी याला एप्रिल २०२५ मध्ये बेल्जियममध्ये अटक झाली. त्याला कोठे ठेवणार, या प्रश्नावर भारताने तेथील अधिकाऱ्यांना लेखी हमी दिली : ऑर्थर रोड, बराक क्रमांक १२, माणशी पुरेशी जागा, वैद्यकीय देखरेख. ऑक्टोबर २०२५ मध्ये अँटवर्पच्या न्यायालयाने भारताच्या बाजूने कौल दिला. लंडनमध्ये नीरव मोदीच्या बाबतीतही अशाच हमीपत्रांचा कीस पाडला गेला आहे. असे पत्र हाती घेणारा न्यायाधीश खालच्या सहीकडे नंतर पाहतो. आधी तो विचारतो की, याच सरकारने यापूर्वी दिलेल्या पत्राचे पुढे काय झाले.